वाळूच्या मागावर चार दिवस: पन्हाळा, फोंडाघाट, गडहिंग्लज, गोकाक

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला दगड म्हटलं की काळाच डोळ्यांसमोर येतो. अंबाबाईचं देऊळ काळं, पंचगंगेचा घाट काळा, जोतिबाच्या पायऱ्या काळ्या. माझे हात मात्र २८ वर्षं पांढऱ्या वाळूत आहेत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी सँड लॅब सांभाळतो. वाळूचा ट्रक आला की नमुना काढायचा, धुवायचा, वाळवायचा, चाळण्यांच्या उतरंडीवर घालून हलवायचा. कुठल्या चाळणीवर किती ग्रॅम राहिली ते मांडलं की दाण्याचा नंबर निघतो. ही वाळू कुठली, असं विचारलं की लॅबमध्ये एकच उत्तर असायचं, "कोकणातली."

भाची यंदा भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. दिवाळीत तिनं आमच्या जेवणाच्या टेबलावर ४७ एल हा भूवैज्ञानिक नकाशा पसरला. कोल्हापूर, गडहिंग्लज आणि गोकाक तिन्ही या एकाच पानावर येतात. आपल्या भागात जवळजवळ सगळीकडं एकच रंग होता, बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या दगडाचा. खाली दक्षिणेला, गडहिंग्लज-चंदगडच्या बाजूला, वेगळ्या रंगाचे तुकडे होते. गोकाककडं तोच रंग ऐसपैस पसरलेला. "मामा, हे गाळाचे खडक. बेसॉल्टच्या खालचे. तुमची वाळू शेजारच्या पानावर, घाटाच्या खाली आहे, पण खडक हेच." तिला सरावासाठी एक छोटा नकाशा करायचा होता आणि मला वाळूचं गाव बघायचं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस: पन्हाळा आणि मसाई पठार

निघताना दाट धुकं होतं. वाघबीळ येईपर्यंत वायपर चालू ठेवावा लागला. गडावर पोहोचलो आणि दहाच्या सुमाराला पडदा ओढावा तसं धुकं सरलं. खाली दरीत ते अजून साचलेलंच होतं.

पन्हाळ्याला मी शंभरदा तरी गेलो असेन, पण तटाखालचा कडा कधी नीट पाहिला नव्हता. वर लाल-तांबूस, भोकाभोकांचा जांभा आणि खाली काळा बेसॉल्ट. भाचीनं सांगितलं की हे दोन वेगळे दगड नव्हेतच. उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षं पाऊस झेलून बेसॉल्टमधली सिलिका, चुना, सोडा वाहून गेला आणि लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, तो जांभा. जिथं ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साइट झालं. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला त्याच्या खाणी आहेत.

सिलिका म्हणजे आमच्या पांढऱ्या वाळूचा जीव. मी आयुष्यभर जिची टक्केवारी मोजली, तीच इथं पावसानं धुऊन नेली होती. त्या कड्याखाली मी बराच वेळ थांबलो.

दुपारी झुणका-भाकरी आणि घट्ट दही खाऊन मसाई पठारावर गेलो. गवत वाळून सोनेरी झालेलं, वारा एवढा की नकाशा उघडताच येईना. तिथं मेंढरं घेऊन एक धनगर आजोबा बसले होते. दोघं वाकून दगड बघतोय म्हणून त्यांनी चौकशी केली. भाचीनं पाण्याचं विचारलं. म्हणाले, "ह्या दगडावर पानी थांबत न्हाई पोरी. चाळणीगत खाली जातंय. खाली कड्याच्या बुडाला चिकणमाती लागली का भाईर पडतंय. झरं समदं एका वळीत हाईत बघ."

भाचीनं लगेच वही काढली. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या चिकट थरावर अडून बाहेर येतं. म्हणजे झऱ्यांची ओळ ही दोन थरांमधली सीमारेषाच. झाडीत दगड दिसत नसला तरी झरे जोडत गेलं की नकाशावर रेघ ओढता येते. आजोबांनी हाताने दाखवलेले चार झरे तिनं टोपोशीटवर, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या नकाशावर, मांडले आणि चारही जवळजवळ एकाच समोच्च रेषेवर, म्हणजे सारख्या उंचीवर, पडले.

कुणाला असं हिंडायचं असेल तर दोन गोष्टी आधी करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या पोर्टलवर नोंदणी करून भूवैज्ञानिक नकाशे फुकट मिळतात, ते फोनवर उतरवून घ्या, कारण घाटात रेंज नसते. आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दगड पाहायला हातोडीपेक्षा भिंग जास्त उपयोगी पडतं. गडाच्या तटाला, देवळाला, कोरीव कामाला हातोडी कधीही लावू नका.

दुसरा दिवस: राधानगरी, फोंडाघाट, कासार्डे

भोगावतीच्या काठानं राधानगरी. ऊसतोड सुरू झालेली, रस्ताभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या. एका गुऱ्हाळावर थांबून काहिलीतला गरम गूळ पळसाच्या पानावर खाल्ला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाच्या भिंतीकडं बघत भाची म्हणाली की धरणाला असा अखंड बेसॉल्ट पायाला मिळणं हे भाग्यच. अभयारण्याच्या हद्दीत दगड उचलायचा नाही, फोडायचा नाही, हे तिनं मला दोनदा बजावलं. वाचणाऱ्यांनीही ते पाळावं.

दाजीपूर सोडल्यावर घाट उतरू लागतो. इथं आम्ही तीन तास घालवले. घाटरस्त्याची कापणी म्हणजे उघडी वही. एकावर एक लाव्हाचे थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, काळाभोर. वरचा भाग बुडबुड्यांच्या भोकांचा आणि त्या भोकांत पांढरे स्फटिक भरलेले. एका वळणावर दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा होता. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली ती माती, वरून पुढचा लाव्हा आला तेव्हा भाजून निघाली. आमच्या फाउंड्रीत साच्याची माती वितळलेल्या लोखंडाशेजारी अशीच लाल होते. मी हात लावला तर तीच भुसभुशीत खर हाताला आली.

हा सगळा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. थर केवढा जाड? कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. मध्ये गाळाचा थर नाहीच. चहा पिता पिता भाचीनं हे सांगितलं आणि मग म्हणाली, "कोयनेला नाही, पण इकडं दक्षिणेला आहे. म्हणूनच हा भाग महत्त्वाचा."

घाट उतरून महामार्गाकडं जाताना, कासार्ड्याच्या आसपास, जमिनीचा रंग बदलला. रस्त्याच्या कडेला पांढरे ढीग दिसू लागले. मी गाडी थांबवायला सांगितली, उतरलो आणि मूठभर वाळू घेतली. भिंगाची गरजच नव्हती. ही माझीच वाळू.

खाणीत शिरायची परवानगी मिळाली नाही, ते योग्यच होतं. वाळू धुण्याच्या एका प्लँटवरच्या सुपरवायझरनी मात्र मी शिरोलीचा म्हटल्यावर आत बोलावलं. "तुमच्याकडं नंबर किती मागतात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पुढचा तासभर आम्ही दोघं दाणा, माती आणि ओलावा यावर बोललो. खडक फोडून, धुऊन, चाळून, वाळवून वाळू होते. खडक म्हणजे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट. भाचीनं त्याचा एक तुकडा भिंगाखाली धरून मला दाखवला. दाण्याला दाणा चिकटलेला, मधल्या फटीही सिलिकेनंच भरलेल्या. साधा वालुकाश्म दाण्यांच्या कडेनं तुटतो, क्वार्टझाइट दाण्यांतूनच फुटतो.

२८ वर्षं नोकरीत जे कळलं नव्हतं ते तिथं कळलं. पंचगंगेची काळी वाळू शिरोलीच्या दारात असताना आम्ही घाटाखालून ट्रकनं वाळू का आणतो? पंचगंगेची वाळू बेसॉल्टची. बेसॉल्ट साधारण ११०० ते १२०० अंशांना वितळायला लागतो. आम्ही बिडाचा रस ओततो १४०० अंशांच्या आसपास. त्या वाळूचा साचा केला तर वाळूच वितळून कास्टिंगला चिकटेल. शुद्ध सिलिका १७०० अंशांपर्यंत टिकते. या खडकातली फेल्डस्पार वगैरे कच्ची खनिजं जुन्या नद्यांनी आणि लाटांनी वाहून-वाहून झिजवून टाकली, चिवट क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकेचाच स्फटिक, तेवढा उरला. पंपाच्या आणि इंजिनाच्या कास्टिंगचे जे साचे कोल्हापुरात भरतात, त्यांच्या वाळूची निवड कुणी माणूस जन्माला यायच्या आधीच होऊन गेली होती.

एक गोष्ट मनाला लागली. वाळवणीच्या अंगणात बायका पदर नाकाला बांधून काम करत होत्या. सिलिकेची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. सिलिकोसिस झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पदर त्या धुळीला अडवत नाही. गाडीतली मास्कची पेटी मी तिथं दिली, पण एका पेटीनं काय होणार? वाळू विकत घेणाऱ्या आम्ही सगळ्यांनी दाण्याच्या नंबराबरोबर हेही विचारायला हवं. परत आल्यावर मी आमच्या खरेदी विभागाला तसं लेखी दिलं आहे.

मुक्काम कणकवलीला. बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी.

तिसरा दिवस: आंबोली, आजरा, गडहिंग्लज

सावंतवाडीवरून आंबोली चढलो. घाटात अवकाळी पाऊस लागला, त्यामुळे दगड फक्त काचेतून पाहिले. खाली सोडून आलेला गाळाचा खडक सह्याद्रीच्या पोटातून पलीकडं निघतो, हे त्या चढणीत डोक्यात बसलं. मधे वर लाव्हाचा ढिगारा, दोन्ही बाजूंना कडेनं तोच जुना खडक डोकावतो. आजऱ्यात ऊन पडलं. घनसाळ तांदूळ पाच किलो घेतला. त्याच्या वासानं गाडी परतीपर्यंत घमघमत होती.

गडहिंग्लजला सामान टाकलं आणि दक्षिणेला निघालो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लोकांच्या शेतातून हिंडलो आहोत, त्यांच्या बांधावर गर्दी नको. नकाशावर इथं बेसॉल्टच्या चादरीत जणू एक खिडकी आहे, ओढ्यांनी वरचा लाव्हा खरवडून खालचा खडक उघडा केलेला. पण १ सेंटिमीटरला अडीच किलोमीटर असलेल्या नकाशावर एक मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २५० मीटर. त्या २५० मीटरांत नेमकं कुठं, ते पायानंच शोधावं लागतं.

दोन तास काही मिळालं नाही. सगळीकडं ऊस आणि माती. शेवटी एका विहिरीवर मोटर चालू करायला आलेले काका भेटले. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. भाचीनं पांढऱ्या दगडाचं विचारलं तर हसले.

"माझ्या आज्जानं ही हीर खांदली. वरचं पंचवीस फूट मुरूम आन् काळा दगड. मग खाली गारगोटीचा लागला. पहार मारली का ठिणगी. खालचं बारा फूट खांदायला दोन उन्हाळं गेलं. कामाची मानसं सोडून गेली. आज्जा म्हनायचा, ह्यो दगुड देवानं झाकून ठेवला हुता, आपन उगाच उघडला."

"पाणी लागलं का, काका?" भाचीनं विचारलं.

"लागलं की. त्या दोन दगडांच्या मदनंच येतंय."

परवाचे धनगर आजोबा आणि हे काका एकच गोष्ट सांगत होते. विहिरीच्या पायऱ्यांवरून खाली वाकून पाहिलं तर ओल्या कडेवर ती रेघ स्पष्ट होती. वर काळपट, खाली फिकट गुलाबी-पांढरं. पण हात पोहोचत नव्हता. काकांनी शेताच्या खालच्या अंगाला असलेल्या ओढ्याकडं नेलं. तिथं, करंजाच्या मुळांखाली, तीच रेघ उघड्यावर आलेली होती.

वर कुजलेला बेसॉल्ट, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटणारा. त्याखाली चार बोटं जाडीची तांबडी, घट्ट माती. तिच्याखाली वालुकाश्माचा खडबडीत, झिजलेला माथा. मी उजव्या हाताचा अंगठा वर आणि करंगळी खाली टेकवली. करंगळीखाली अब्जभर वर्षांहून जुना खडक, अंगठ्याखाली साडेसहा कोटींचा. मधली नव्वद कोटींहून जास्त वर्षं त्या चार बोटांत. भूशास्त्रात याला विसंगती म्हणतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही. भाची काही बोलली नाही. तिनं कंपास काढून खालच्या थरांचा उतार मोजला, दिशा लिहिली, वहीत पट्टी ठेवून चित्र काढलं.

जायला निघालो तर काकी दारात. "तसं जाऊ नगासा, भाकरी खाऊन जावा." जोंधळ्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, वांगं आणि ताक. त्या दिवशी सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. इतकं चवीचं जेवण वर्षात झालं नसेल.

नमुना घेणाऱ्यांसाठी सांगतो. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा. दगड उचलला की तिथल्या तिथं त्यावर नंबर टाका आणि तोच नंबर वहीत जागेसह लिहा. संध्याकाळी खोलीवर आल्यावर सगळे दगड सारखेच दिसतात आणि जागा न लिहिलेला दगड अभ्यासाला कुचकामी असतो. हातोडी चालवताना डोळ्यांना चष्मा हवाच. क्वार्टझाइटची कपची काचेसारखी उडते.

चौथा दिवस: पुन्हा ओढा, मग गोकाक

सकाळी सातला परत त्याच रानात. भाचीचा हिशोब असा होता की लाव्हाचे थर आडवे, म्हणून खडकांची सीमाही एकाच उंचीवर मिळेल. ओढ्यातल्या जागेची उंची धरून समोच्च रेषेनं चालत गेलं की झालं. पहिला किलोमीटरभर तसंच घडलं. बांधावर दगड वेचून रचलेले होते. एका बाजूला काळे, दुसऱ्या बाजूला पांढरे. शेतकऱ्यांनी नकाशा आधीच करून ठेवला होता.

मग एका टेकाडावर गणित मोडलं. जिथं बेसॉल्ट असायला हवा तिथं, अंदाजापेक्षा तीसेक मीटर वर, गुलाबी क्वार्टझाइटचा उघडा बोडका माथा. भाची आधी गोंधळली, मग दगडावर बसली आणि तिचा चेहरा उजळला. "मामा, लाव्हा यायच्या आधी इथं डोंगर होता! लाव्हा सपाट फरशीवर पसरला नाही, डोंगर-दऱ्यांत भरला. ह्या टेकाडाला त्यानं चारी बाजूंनी वेढलं, नंतर वरून झाकलं. आता पावसानं ते पुन्हा उघडं केलंय." तिनं आदल्या रात्री आखलेली रेघ खोडली आणि टेकाडाभोवती वळसा घेऊन नवी आखली. डायनोसॉरच्या काळातल्या एका डोंगरावर आम्ही बसलो होतो आणि खाली ऊस डोलत होता.

पुढं संकेश्वरमार्गे गोकाक. बेसॉल्ट मागं पडत गेला, काळी माती जाऊन लाल आली आणि सपाट माथ्याच्या डोंगरांऐवजी कण्यासारख्या लांबच लांब रांगा दिसू लागल्या. गोकाकच्या धबधब्याला डिसेंबरात पाणी कमी, कड्यावरून दोन-तीन धारा. ज्यांना घटप्रभेचा ५२ मीटरांवरून कोसळणारा लोट बघायचा असेल त्यांनी पावसाळ्यात जावं. खडक बघायचा तर हाच मोसम. पावसात जे बुडालेलं असतं ते आता कोरडं आणि उघडं होतं.

त्या कड्यावरच्या फरशांवर लाटांच्या खुणा आहेत. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत जशा बारीक वळ्या उमटतात, हुबेहूब तशाच, फक्त दगडात. वळीच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर पाणी पुढं-मागं हेलकावणारं, एक बाजू उतरती आणि दुसरी खडी असेल तर एका दिशेनं वाहणारं. मी अनवाणी त्यांच्यावर उभा राहिलो. तळव्याला प्रत्येक वळी लागत होती.

या खडकांना कलादगी हे नाव रॉबर्ट ब्रूस फूट यानं दिलं. १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. कलादगी हे बागलकोटजवळचं गाव. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हातकुऱ्हाड शोधणारा तो हाच. घोड्यावरून आणि पायी या मुलखातून हिंडून त्यानं सीमारेषा आखल्या. लोकापूर-बागलकोटकडच्या चुनखडीत सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले स्ट्रोमॅटोलाइटही आहेत. ते या फेरीत राहिले.

गोकाकात ज्वारीची पातळ रोटी, शेंगाचटणी आणि घरी न्यायला करदंट ही तिथली मिठाई. अंधार पडता निपाणी, नऊला कोल्हापूर.

भाचीचा नकाशा आता माझ्या लॅबच्या भिंतीवर आहे, वाळूच्या नमुन्यांच्या बरण्यांच्या वर. जिथं सीमा डोळ्यांनी पाहिली तिथं सलग रेघ, जिथं अंदाजानं जोडली तिथं तुटक. टेकाडाच्या पूर्वेला जवळजवळ तीन किलोमीटर रेघ तुटकच आहे, कारण तिथं उभा ऊस होता आणि दगड दिसत नव्हता. काकांना फोन केला होता. त्या बाजूची तोड फेब्रुवारीत होईल म्हणाले. रान मोकळं झालं की आम्ही जाणार आहोत. काकींसाठी घनसाळ तांदूळ बाजूला काढून ठेवला आहे.